रायफल आधी अंगाला बसू द्या, सामान नंतर घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) रायफल प्रकारात ४५१.४ गुणांसह ब्राँझ मिळवले. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोनचे, म्हणजे झोपून नेम धरण्याचे, विश्वविजेतेपद आणले होते. या खेळाच्या बातम्या येतात तेव्हा रायफलची किंमत हमखास छापली जाते. ती रायफल खेळाडूच्या अंगाला बसवावी कशी लागते, यावर मात्र कुठे चार ओळी सापडत नाहीत. परिणामी .२२ रायफलचा परवाना हाती आला की घरचे लोक सामानाची यादी करायला बसतात आणि बहुतेक वेळा ती यादी उलट्या क्रमाने होते. म्हणून हे पत्र.

गोंधळाचे एक कारण अमेरिकेतले व्हिडिओ. तिकडे रुगर १०/२२ नावाची .२२ कार्बाइन (आखूड रायफल) १९६४ पासून विकली जाते. बॅरलवरचा (नळीवरचा) बँड सैल केला आणि पुढचा एक स्क्रू काढला की तिचा स्टॉक, म्हणजे नळी आणि यंत्रणा ज्यात बसते तो दस्ता, वेगळा होतो. बॅरलसुद्धा रिसीव्हरला (यंत्रणेच्या पेटीला) दोन स्क्रूंनी धरलेली असते. त्यामुळे तिच्यासाठी स्टॉक, ग्रिप, रेल आणि दुर्बिणी बनवणारा अख्खा बाजार उभा राहिला आहे. हौशी निशाणेबाजाला तिथे ते शोभते. आपल्याकडचे मूल मात्र आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांखाली खेळणार असते. त्या नियमांत रायफलवर दुर्बीण चालत नाही, बायपॉड (दोन पायांचा आधार) चालत नाही, मझल ब्रेकही (नळीच्या तोंडावरचा, धक्का कमी करणारा भाग) चालत नाही. या तीन वस्तूंवर घातलेला पैसा उपकरण तपासणीच्या टेबलावरच वाया जातो. आणि ‘कार्बाइनसारखी आखूड दिसावी’ म्हणून बॅरल कापायचा विचार कुणाच्या मनात येत असेल, तर तो तिथेच सोडावा. परवानगीशिवाय बॅरल आखूड करणे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ नुसार गुन्हा आहे.

आता स्टॉक. लाकडी, लॅमिनेटेड आणि अ‍ॅल्युमिनियम असे तीन प्रकार समोर येतात. अ‍ॅल्युमिनियमचा दिसायला भारी असतो आणि त्याचा खरा फायदा दोन गोष्टींत आहे: पावसाळ्यात तो फुगत नाही आणि त्याचा प्रत्येक भाग मोजून सरकवता येतो. साधे लाकूड कोल्हापूर-कोकणच्या दमट हवेत ओलावा घेते. मे महिन्यात बसवलेली रायफल जुलैत वेगळ्या जागी गोळी टाकते. लॅमिनेटेड लाकूड, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेले, त्यापेक्षा बरेच स्थिर राहते. चीकपीस (गाल टेकवायचा भाग) आणि बट प्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) पूर्ण हलणारी असेल तर नवख्या खेळाडूला तेवढे पुरते. याउलट मोठ्या माणसाच्या मापाचा वापरलेला अ‍ॅल्युमिनियम स्टॉक स्वस्तात मिळाला म्हणून १४ वर्षांच्या मुलीसाठी घेतला, तर बट प्लेट पूर्ण आत घेऊनही लांबी जास्तच उरते. मग ती मान पुढे ताणते, खांदा मागे टाकते आणि सहा महिन्यांत चुकीची पोझिशन अंगात मुरते. घेण्याआधी एकच बघावे: सर्वांत आखूड मापावर ठेवून, जाकीट घालून, मूल ग्रिप पकडून डोके सरळ ठेवू शकते का. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताचा स्टॉक ‘चालवून घे’ म्हणू नये. चीकपीसचा उतार आणि ग्रिपचा पीळ दोन्ही उलटे पडतात.

बसवण्याचा क्रम बट प्लेटपासून सुरू होतो. डोके खाली नेऊन साइटला (नेम धरायच्या भागाला) भेटायचे नसते, रायफल वर आणून डोळ्याला भेटवायची असते. बट प्लेट स्टॉकवर खाली सरकवली की खांद्यातली रायफल वर येते आणि मान सरळ होते. मग लांबी ठरवावी. ट्रिगरवर बोटाचे पहिले पेर टेकलेले असताना बोट दुसऱ्या सांध्यात काटकोनात वाकले पाहिजे आणि मनगट पिळले जाऊ नये. त्यानंतर चीकपीस. गालाचे वजन त्यावर निवांत टाकले की डोळा आपोआप मागच्या साइटच्या मध्यावर यायला हवा. तपासणी साधी आहे: डोळे मिटून पोझिशन घ्या, गाल टेकवा, दोन श्वास सोडा आणि डोळे उघडा. फोरसाइट (नळीच्या टोकाकडची पुढची साइट) मागच्या साइटच्या वर्तुळात वरच्या बाजूला दिसत असेल तर डोळा वर आहे, चीकपीस खाली घ्या. खाली दिसत असेल तर उलटे. पाचदा केले आणि पाचही वेळा मध्य सापडला की तो स्क्रू घट्ट करा. लांब मानेच्या मुलाला चीकपीस कितीही वर नेऊन भागत नाही. तिथे पुढच्या आणि मागच्या दोन्ही साइटखाली सारख्या उंचीचे रायझर ब्लॉक (उंची वाढवणारे ठोकळे) लागतात. एकाच साइटखाली ब्लॉक घातला तर साइट सरकवायचे क्लिक संपतात, तरी गोळी मध्यावर पडेल असे शून्य सापडत नाही.

रायफल कलण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण याकडे फार दुर्लक्ष होते. .२२ ची गोळी ५० मीटरवर पोचेपर्यंत सुमारे १२-१३ सेंटिमीटर खाली येते आणि साइट तेवढी भरपाई करून देते. रायफल एका अंशाने कलली की त्या भरपाईतले साधारण दोन मिलिमीटर बाजूला जातात. चार अंश कलली तर आठ मिलिमीटरहून थोडे जास्त, म्हणजे टार्गेटवरची जवळजवळ एक अख्खी रिंग. पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचे असते. थोडी कललेली रायफल चालते, बरेच चांगले खेळाडू तशीच धरतात. पण ती दर गोळीला तितकीच कललेली हवी. हे हातांनी साधत नाही, बट प्लेटच्या कोनाने साधते. प्लेट खांद्याच्या खळगीप्रमाणे फिरवून, तिच्या खालच्या टोकाचा हुक काखेखाली नेमक्या जागी येईल अशी बसवली की रायफल खांद्यात एकाच प्रकारे जाते.

हँडस्टॉप (पुढच्या हाताला अडवणारा तुकडा) आणि स्लिंग (दंडाला अडकवून रायफल धरणारा पट्टा) एकत्रच जुळवावे लागतात. प्रोनमध्ये हँडस्टॉप मागे आणला की नळी वर जाते, पुढे नेला की खाली. डाव्या हाताचा कोपर ते मनगट हा भाग जमिनीशी किमान ३० अंशांचा कोन करायला हवा, त्याहून खाली गेला तर पंच हरकत घेतात. बोटे बधिर होत असतील तर स्लिंग दंडावर फार खाली आहे किंवा फार आवळली आहे. फोरसाइट दर ठोक्याला टुकटुक उडत असेल तर नाडी स्लिंगमधून रायफलीत जाते आहे. स्लिंग दंडावर जराशी वर किंवा बाहेरच्या बाजूला फिरवून पाहावी. पट्टीची रुंदी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उभ्या पोझिशनमध्ये स्लिंग अजिबात चालत नाही. तिथे पाम रेस्ट, म्हणजे रायफलीखाली तळव्यावर टेकणारा आधार, लागतो. तो बॅरलच्या मध्यरेषेपासून २०० मिलिमीटरपेक्षा खाली जाता कामा नये. त्याची उंची अशी ठरवावी की डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकेल आणि रायफलीचे ओझे स्नायूंऐवजी हाडांवर जाईल. छोट्या हातांच्या मुलांना हा भाग उंच केल्यावर जो आराम पडतो, तो दुसऱ्या कशाने पडत नाही.

स्टॉक बदलताना सर्वांत जास्त बिघाड होतो तो अ‍ॅक्शनच्या (गोळी डागणाऱ्या यंत्रणेच्या) दोन स्क्रूंमुळे, आणि त्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते. आधी बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) काढा, चेंबर (काडतूस बसायची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करा, मगच स्क्रूला हात लावा. परत बसवताना नळी वर धरून रायफल उभी करा, म्हणजे अ‍ॅक्शन आपल्या जागेवर मागे टेकते. मग पुढचा-मागचा असे आळीपाळीने, थोडे थोडे करत, टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) वापरून आवळा. बऱ्याच मॅच रायफलींना ४ ते ६ न्यूटन-मीटर लागतात. तुमच्या रायफलीच्या कंपनीने दिलेला आकडा खरा मानावा. नुसत्या एल-कीने ‘हाताला घट्ट लागेल तेवढे’ आवळले की दोन स्क्रूंमध्ये फरक राहतो, अ‍ॅक्शन किंचित वाकते आणि कालपर्यंत एका ठिकाणी पडणाऱ्या गोळ्या आज दोन पुंजक्यांत पडतात. मग दोष काडतुसांच्या लॉटवर (एका खेपेत बनलेल्या साठ्यावर) ढकलला जातो. लॉट तपासायचा असेल तर स्क्रूंचा आकडा आधी नक्की करावा, नाहीतर त्या तपासणीला अर्थ नाही.

दुसरी चाचणी वहीच्या कागदाच्या पट्टीने होते. पट्टी बॅरल आणि स्टॉक यांच्यामधून अ‍ॅक्शनपर्यंत मोकळी सरकली पाहिजे. ती एकदा रायफल टेबलावर ठेवून करा आणि दुसऱ्यांदा मुलाला प्रोनमध्ये झोपवून, स्लिंगचा ताण पूर्ण देऊन करा. दोन्ही वेळा रायफल रिकामी आणि बोल्ट काढलेला. टेबलावर मोकळी सरकणारी पट्टी स्लिंगच्या ताणाने अडकली, तर लाकडी स्टॉकचे पुढचे टोक वाकून बॅरलला टेकते आहे. प्रोनमध्ये गोळ्या उभ्या रेषेत का पसरतात याचे उत्तर बऱ्याचदा इथे सापडते. सुताराकडून खाच मोठी करून घेण्याआधी स्क्रू आणि हँडस्टॉप जिच्यावर सरकतो ती रेल तपासावी. रेलचा लांब स्क्रूही बॅरलला लागू शकतो.

वजनांची घाई नको. नळीखाली वजन लावले की उभ्या पोझिशनमध्ये रायफलीची थरथर मंदावते हे खरे, पण तेच वजन गुडघ्यावर बसताना डाव्या मनगटावर येते. एका वेळी ५०-१०० ग्रॅम वाढवून आठवडाभर पाहावे. पुरुषांच्या ५० मीटर रायफलीला सर्व सामानासह ८ किलोची मर्यादा आहे, पण वाढत्या वयाच्या मुलाने त्या आकड्याच्या जवळपासही जायचे कारण नाही. पाठ दुखते असे मूल म्हणाले तर आधी वजन काढा.

फोरसाइटमध्ये बसवायच्या गोल कड्या मात्र स्वस्त आणि गुणकारी. टार्गेटचा काळा भाग ११२.४ मिलिमीटरचा असतो. फोरसाइट डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवर असेल तर तो कडीत सुमारे २ मिलिमीटरचा दिसतो. त्याला घट्ट बसणारी कडी घेतली तर मुले अचूकतेच्या हव्यासाने ट्रिगर दाबायलाच उशीर करतात आणि श्वास संपल्यावर झटका देतात. काळ्याभोवती पांढरी जागा स्वच्छ दिसली पाहिजे, ३.४ ते ३.८ मिलिमीटरपासून सुरुवात करावी, ढगाळ दिवशी थोडी मोठी घ्यावी.

थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून अशा तिन्ही वेळा बट प्लेट, चीकपीस आणि हँडस्टॉपचे आकडे वेगवेगळे असतात. ते पाठ ठेवू नयेत. स्टॉकवरच्या पट्टीचे आकडे वहीत लिहावेत, आणि जिथे पट्टी नाही तिथे बारीक मार्करने तीन रंगांत खुणा कराव्यात. एका सरावात एकच गोष्ट बदलावी. चीकपीस, बट प्लेट आणि स्लिंग एकाच दिवशी हलवले तर सुधारणा कशाने झाली हे कुणालाच सांगता येत नाही. सरावात रिकाम्या चेंबरवर घोडा टाकू नये. रिमफायरमध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर बसते. काडतूस नसेल तर ती चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खाच पाडू शकते आणि मग काडतुसे अडकतात. त्यासाठी ड्राय-फायर प्लग (चेंबरमध्ये घालायचा संरक्षक तुकडा) मिळतो, तो घ्यावा. ट्रिगरच्या आतल्या स्क्रूंना घरी हात लावू नये, ते काम आर्मररचे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे).

पैसे मोजकेच असतील तर पहिला खर्च पूर्ण हलणाऱ्या बट प्लेटचा, दुसरा चीकपीसचा, तिसरा चांगल्या स्लिंग-हँडस्टॉपचा आणि त्याच्याच जोडीला टॉर्क पान्याचा. पाम रेस्ट उभ्याचा सराव सुरू झाल्यावर घ्यावा. अ‍ॅल्युमिनियम स्टॉक मुलाची उंची वाढायची थांबल्यावर घ्यावा. रंगीत ग्रिपा आणि स्टिकर यांना या यादीत जागाच नाही.

जिल्हा संघटना आणि क्लब चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. प्रत्येक ५० मीटर रेंजवर सर्व बाजूंनी हलणारा एक स्टॉक, एक टॉर्क पाना, कड्यांचा एक संच आणि मापे लिहायची वही ठेवा, आणि नवीन मुलाला सामान विकत घ्यायला सांगण्याआधी त्या स्टॉकवर महिनाभर बसवून पाहा. त्याची मापे पालकांच्या हातात लेखी द्या, म्हणजे दुकानात ते ‘चांगला स्टॉक दाखवा’ असे न म्हणता लांबी आणि उंचीचे आकडे सांगतील.

आपला,
एक रायफल प्रशिक्षक, कोल्हापूर