फॉर्मच्या आधी प्रश्न विचारायला लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

या महिनाअखेरीस तुम्ही आपल्या कॉलेजच्या ग्रंथपालपदावरून निवृत्त होताय, हे लायब्ररीच्या नोटीस बोर्डावर वाचलं. निरोपाच्या कार्यक्रमात बोलायला प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतील आणि तुमचे आभार दोन मिनिटांत मानून होणार नाहीत, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही मला जे सांगितलंत ते मुंबईतल्या मेडिकल, डेंटल, आयुर्वेदाच्या कितीतरी मुलामुलींना अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझ्याआधी आमच्या घराण्यात कुणी डॉक्टर झालेलं नाही. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर, आई भांडुपला अंगणवाडी सेविका. एमबीबीएसला नंबर लागला म्हणजे आता अभ्यास करायचा आणि पास व्हायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. पदवीचं शिक्षण चालू असतानाच संशोधन करता येतं, त्यासाठी विद्यावेतन मिळतं, मोठमोठ्या संस्था सुट्टीत विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत घेतात, हे वर्गातल्या काही जणांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांच्या घरी जेवताना या गप्पा होतात. त्यात त्यांचा काहीच दोष नाही. पण ज्यांच्या घरी त्या होत नाहीत, त्यांच्यासाठी कॉलेजात कुणीतरी लागतं. आमच्यासाठी तुम्ही होतात.

एसटीएस या विद्यार्थी-संशोधन योजनेचा फॉर्म कुठे मिळतो, हे विचारायला मी दुसऱ्या वर्षात तुमच्या टेबलापाशी आले होते. फॉर्मबद्दल तुम्ही काही बोललाच नाहीत. ‘तुला काय शोधून काढायचंय?’ असं विचारलंत. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते नसल्याबद्दल तुम्ही मला जराही कमी लेखलं नाहीत. खुर्ची पुढे सरकवलीत.

हे वाचणाऱ्या ज्युनियर मुलांसाठी सांगते. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजेच एसटीएस, १९७९ पासून चालू आहे. ती एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आपल्याच कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचा छोटा अभ्यास करायचा, अहवाल पाठवायचा, आणि तो मंजूर झाला की प्रमाणपत्र आणि ५०,००० रुपये विद्यावेतन मिळतं. पैसे शेवटी येतात, त्यामुळे झेरॉक्स आणि जाण्यायेण्याचा खर्च आधी आपल्या खिशातून होतो, हे घरी आधीच सांगून ठेवा. आणि एका गाइडना एका वर्षी एकच विद्यार्थी घेता येतो. घोषणा झाल्यावर धावपळ करणाऱ्यांना गाइड मिळत नाहीत ते यामुळेच.

गाइड कसे शोधायचे, हे तुम्ही शिकवलंत ते मला फार मोलाचं वाटतं. मी आपली ‘कोणते सर चांगले आहेत’ असं सीनियरना विचारत फिरत होते. तुम्ही पबमेड ही वैद्यकीय शोधनिबंध शोधायची वेबसाइट उघडलंत, लेखकांच्या संस्थेच्या रकान्यात आपल्या कॉलेजचं नाव टाकलंत आणि गेल्या काही वर्षांतले शोधनिबंध समोर ठेवलेत. मग म्हणालात, ‘आता लेखकांची नावं वाच. यात विद्यार्थ्यांचं नाव कुणी घातलंय ते बघ.’ आपल्या नावाशेजारी विद्यार्थ्याचं नाव छापून आणणारे प्राध्यापक कोण, हे त्या यादीत लख्ख दिसत होतं. त्यासाठी कुणाची ओळख काढावी लागली नाही की कुणाच्या केबिनबाहेर ताटकळावं लागलं नाही.

नंतर विषय. मी घेऊन आलेला पहिला विषय कॅन्सरच्या जनुकांबद्दलचा होता. तुम्ही तो खोडला नाहीत, त्याला तीन प्रश्न लावलेत: पेशंट कुठे भेटणार? मोजणार नेमकं काय? दोन महिन्यांत होईल का? असे चार-पाच विषय त्या चाळणीतून खाली गेले आणि वर राहिला तो अगदी साधा होता. छातीविकारांच्या ओपीडीत येणारे दम्याचे पेशंट इन्हेलर बरोबर घेतात का? त्याला ना महागडं यंत्र लागतं ना रसायनं. पायऱ्यांची एक तपासणी-यादी, पेन आणि पेशंटजवळ थांबायची तयारी एवढं पुरतं. इन्हेलर हलवला का, आधी श्वास पूर्ण सोडला का, दाबणं आणि ओढणं एकाच वेळी झालं का, त्यानंतर दहा सेकंद श्वास रोखला का.

संमतिपत्राचा तो दिवस तुम्हाला आठवतो का? मी मराठी मसुदा लिहून आणला होता. सरकारी परिपत्रकासारखी लांबच लांब वाक्यं. तुम्ही लायब्ररीतल्या मावशींना बोलावलंत आणि मला म्हणालात, ‘यांना वाचून दाखव.’ मावशींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘म्हंजे मी नाही म्हटलं तर मला औषध देणार नाय का?’ तेच तर त्या कागदावर सर्वांत वर, सर्वांत स्पष्ट असायला हवं होतं: नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काहीही फरक पडणार नाही. आपण तो मसुदा मावशींच्या समोर बसून पुन्हा लिहिला. संशोधनातली नीतिमत्ता मी पुस्तकातून नंतर वाचली, हेलसिंकीचा जाहीरनामा, आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं, सगळं. पण समजली ती मावशींच्या त्या प्रश्नातून, आणि तो प्रश्न यावा याची सोय तुम्ही केली होतीत.

संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीपुढे काय विचारतील, तेही तुम्ही आधीच ओळखलंत. ‘एखादा पेशंट चुकीच्या पद्धतीने घेतोय हे तुला दिसलं. तू फक्त फुली मारून पुढच्या पेशंटकडे जाणार का?’ त्यामुळे नोंद झाल्यावर प्रत्येकाला तिथल्या तिथे बरोबर पद्धत करून दाखवायची, हे आम्ही आराखड्यातच लिहिलं. कमिटीतल्या एका सदस्यांनी नेमकं तेच विचारलं, आणि माझं उत्तर तयार होतं. शिवडीच्या एक आजी कित्येक वर्षं इन्हेलर तोंडात दाबून श्वास मात्र नाकाने घेत होत्या. औषध जिभेवर आणि घशात बसायचं, छातीपर्यंत पोचायचंच नाही. त्यांना स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची नळी, लावून शिकवलं. पुढच्या खेपेला त्यांनी शेजारणीलाही बरोबर आणलं. अहवालात या आजी म्हणजे तक्त्यातला एक आकडा आहेत, पण तुम्हाला त्यांच्याबद्दल सांगायचंच होतं.

आता तुमच्या फाइलबद्दल. कपाटातली ती जाड खाकी फाइल, जिच्यात तुम्ही दरवर्षीच्या जाहिराती कापून, छापून लावत आलात. प्रत्येक कागदाच्या कडेला पेन्सिलने दोन गोष्टी लिहिलेल्या: अर्ज कोण करू शकतं, आणि तयारी केव्हा सुरू करायची. महिने तुम्ही सणांना बांधून ठेवले होते, म्हणून ते डोक्यात राहिले. कॅनडात संशोधनाची संधी देणाऱ्या मिटॅक्स ग्लोबलिंक इंटर्नशिपची मुदत गणपतीच्या मागेपुढे. बंगळुरूची विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तिन्ही अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज दिवाळीच्या आसपास. म्हणजे मे महिन्यातल्या सुट्टीचा विचार पाऊस चालू असतानाच करायचा. आमच्यातले बहुतेक जण एप्रिलमध्ये शोधायला लागतात, तोवर सगळं संपलेलं असतं.

त्या नोंदींमध्ये तुमचं परखड मतही असायचं, आणि ते मला आवडायचं. मिटॅक्सच्या कागदावर तुम्ही लिहिलं होतं: ‘१२ आठवडे. एमबीबीएसच्या सुट्टीत बसत नाही. बीएस्सीवाल्यांना सांगणे.’ अकादमींच्या फेलोशिपवर: ‘दोन महिने. का जायचंय ते स्वतःच्या शब्दांत लिहा, शिफारसपत्राला वेळ लागतो.’ माझी मावसबहीण मायक्रोबायोलॉजीला आहे. तिला इन्स्पायर शिष्यवृत्तीबद्दल तुमच्यामुळेच कळलं. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी. ती एमबीबीएसला मिळत नाही, तरी तुम्ही ती फाइलमध्ये ठेवली होतीत, ‘घरात कुणी तरी असतंच’ म्हणून. आयुर्वेदाला असलेल्या माझ्या मैत्रिणीला एसटीएस लागू नाही म्हणून ती नाराज होती. केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेची ‘स्पार्क’ ही २०२२ साली सुरू झालेली योजना तिच्यासाठीच आहे, तीही दोन महिन्यांची, हे तिला आमच्या कॉलेजातल्या ग्रंथपालांनी सांगावं!

आणि तुम्ही आम्हाला परळ दाखवलंत. मी रोज लोकलमधून उतरून त्याच रस्त्यांनी येत होते. हाफकिन संस्था, प्रजनन आणि बालआरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची संस्था, केईएमच्या आवारातली रक्तविज्ञानाची संस्था, टाटा हॉस्पिटल, सगळं पायी फिरण्याच्या अंतरात. पलीकडे खारघरला कॅन्सर संशोधनाचं अ‍ॅक्ट्रेक, तिकडे कुलाब्याला मूलभूत विज्ञानाची टीआयएफआर. ‘परदेशाच्या नोटिसा वाचायच्या आधी चालत जाता येईल तिथली दारं वाजवा,’ असं तुम्ही म्हणायचात. एकदा तुम्ही ‘लॅन्सेट’मधला १९५२ सालचा एक छोटासा लेख छापून हातात दिलात. लेखकांची नावं भेंडे, देशपांडे, भाटिया, आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडमधले संशोधक. ज्या रुग्णांचं रक्त नेहमीच्या कुठल्याच गटात बसेना, त्यांच्याबद्दलचा तो लेख. आज जगभर ज्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात तो हाच. रोजच्या रक्तगट तपासणीत काहीतरी जुळत नाही आणि ते सोडून न देता कुणीतरी त्याचा माग काढतं, आपल्याच शहरात, आपल्यासारख्याच आडनावांची माणसं. संशोधन आपल्यासाठी नसतं ही माझ्या मनातली समजूत तो लेख वाचल्यावर गेली.

शास्त्रज्ञांना मेल कसा लिहायचा, हेही तुमच्याच टेबलावर शिकले. एकच मेल पन्नास जणांना पाठवायचा नाही. ज्यांना लिहायचं त्यांचा एक तरी शोधनिबंध खरोखर वाचायचा आणि त्यातलं काय समजलं, काय समजलं नाही ते दोन ओळींत लिहायचं. आपल्याला काय येतं, कोणत्या तारखांना येऊ शकतो, सोबत एका पानाचा बायोडेटा. उत्तर नाही आलं तर दहा-पंधरा दिवसांनी एकदा आठवण करायची, आणि तरीही नाही आलं तर मनाला लावून घ्यायचं नाही. परळच्याच एका संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मला सुट्टीत बोलावलं ते तशा एका मेलमुळे. ‘तुम्ही आमच्या पेपरातल्या ज्या तक्त्याबद्दल विचारलंत त्यावर बोलूया,’ असं त्यांचं उत्तर होतं.

पैसे भरा आणि ‘रिसर्च इंटर्नशिप’चं प्रमाणपत्र घ्या, अशी एक जाहिरात आमच्या ग्रुपवर फिरत होती. काही जण पैसे भरायच्या बेतात होते. तुम्ही रागावला नाहीत. ‘गाइडचं नाव काय, प्रश्न काय, एथिक्सची मंजुरी कुठली, एवढं विचारा त्यांना,’ म्हणालात. विचारलं, आणि पुढे उत्तरच आलं नाही. पैसे घेऊन चार दिवसांत लेख छापणाऱ्या जर्नल्सचंही तसंच. तेव्हापासून लेख पाठवण्याआधी मी डीओएजे या खुल्या जर्नल्सच्या तपासलेल्या यादीत जर्नल शोधते.

फीबद्दल मी तुमच्याशी बोलले नव्हते, बोलायला संकोच वाटायचा. तुम्हीच एकदा विचारलंत, महाडीबीटीवर, सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर, अर्ज भरलाय ना? आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अर्ज दरवर्षी नव्याने पुढे न्यावा लागतो, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जुना चालत नाही, बँक खातं आधारला जोडलेलं हवं. यातलं एक राहिलं तरी अर्ज अडतो. हे तुमच्या कामात येत नव्हतं. तरी तुम्ही विद्यार्थी विभागातल्या काकांना फोन लावलात आणि माझा अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर कुठे थांबलाय ते शोधायला लावलंत. वसतिगृहातल्या माझ्या जालन्याच्या मैत्रिणीचे वडील अल्पभूधारक शेतकरी आहेत. तिला डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याबद्दल सांगितलंत तेही तुम्हीच. ती म्हणते, त्या भत्त्यावर माझी मेस चालते.

बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. एसटीएसचं प्रमाणपत्र त्यांनी लॅमिनेट करून घेतलंय आणि डेपोतल्या सगळ्यांना दाखवून झालंय. शोधनिबंध म्हणजे काय, हे त्यांना मी शिवडीच्या आजींची गोष्ट सांगून समजावलं. ते म्हणाले, ‘म्हणजे लोकांना नीट बघायचं आणि खरं लिहायचं. चांगलं काम आहे.’

मॅडम, एक विनंती आहे. तुमची फाइल आम्ही काही जणांनी मिळून स्कॅन करायला घेतली आहे. नव्या लायब्ररियन मॅडमनी कपाटात जागा द्यायचं कबूल केलंय, आणि दरवर्षी जून महिन्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी नोंदी ताज्या करायच्या असं ठरलंय. पण मागच्या काही पानांवरची पेन्सिल पुसट झाली आहे आणि तुमची काही संक्षिप्त नावं आम्हाला कळत नाहीत. तुम्हाला जमेल त्या शनिवारी दुपारी थोडा वेळ याल का? न्यायला मी दादर स्टेशनवर येईन. मावशीही येणार आहेत. नव्या संमतिपत्रांचे मसुदे त्यांना वाचून दाखवायचे आहेत.

तुमची विद्यार्थिनी,
एमबीबीएस, तिसरं वर्ष