नेम चुकतो तो काडतुसामुळे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तूर-हरभऱ्यात रानडुकरं शिरायला लागली की गावोगाव एक सल्ला फिरतो: झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी नळकांडी (केस) घरीच भरा, .३१५ रायफलची गोळी नेमकी लागेल. यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो धोक्याचा.

ज्या देशांत हे कायदेशीर आहे तिथे हाताने भरलेल्या काडतुसाने नेम सुधारतो तो सारखेपणामुळे. केसची लांबी सारखी, बंदुकीची दारू ग्रेनच्या (वजनाचं बारीक माप) दहाव्या हिश्श्यापर्यंत तोललेली, गोळी एकाच खोलीवर बसवलेली. मग वेग सारखा राहतो आणि गोळ्या जवळजवळ पडतात. पण हा फरक दुर्बीण लावून, टेकूवरून १००-२०० मीटरवर मारणाऱ्याला जाणवतो. जागलीवर दुर्बिणीशिवाय, नुसत्या माशीने (नळीच्या टोकावरचा दाणा) ४०-५० मीटरवर बार काढणाऱ्याची चूक वीतभराची असते. ती काडतुसातून येत नाही. आणि दारूची जात किंवा माप चुकलं, तर दाब किती चढेल याचा काहीच नेम नाही. नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टमागे तोंड आपलंच असतं. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार विनापरवाना काडतूस बनवणं गुन्हाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. बंदूक बाळगायचा परवाना इथे कामी येत नाही.

नेम जातो तो बहुतेक कुंद्याच्या (रायफलच्या लाकडाच्या) स्क्रूंमधून. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि ट्रिगर गार्डचे पुढचे-मागचे स्क्रू ढिले पडतात. नळी लाकडात हलली की प्रत्येक गोळी वेगळीकडे. हंगामाआधी बरोबर बसणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने ते आवळावेत. दुसरं कारण नळीतलं तेल. तेल लावून ठेवलेल्या रायफलची पहिली गोळी हमखास भरकटते, आणि डुकरावर संधी पहिल्याच गोळीची असते. बार काढण्याआधी नळीतून कोरडं फडकं ओढून घ्यावं. तिसरं, दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांच्या पेट्यांमधली काडतुसं एकत्र करू नयेत. चामडी पट्ट्यात महिनोन्‌महिने खोचलेल्या काडतुसाच्या पितळेवर हिरवा गंज चढतो, ते चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) अडकतं. टिनाच्या शेडमध्ये, एप्रिल-मेच्या उन्हात तर पेटी ठेवूच नये.

झिरो करताना, म्हणजे माशी-खाच गोळीशी जुळवताना, वाळूची पिशवी कुंद्याच्या पुढच्या लाकडाखाली घ्यावी, नळीखाली नाही. तीन गोळ्या मारून, नळी थंड होऊ देऊन, तिन्हींचा मध्य बघावा. एका गोळीवरून माशी हलवणं हा शुद्ध अडाणीपणा. किती हलवायचं याचा हिशेब सोपा आहे: चूक गुणिले माशी ते खाच (डोळ्याजवळची) हे अंतर, भागिले निशाण्याचं अंतर. माशी आणि खाच यांत ५० सेंमी असतील आणि ५० मीटरवर गोळी १० सेंमी डावीकडे जात असेल, तर खाच १ मिमी उजवीकडे. खाच जिकडे सरकवाल तिकडे गोळी जाते, माशीचं उलट.

घोडा दाबून बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावं, मगच बोल्ट उघडावा. आवाज दबका आला तर पुढचं काडतूस भरण्याआधी रायफल रिकामी करून नळीत आरपार पाहावं. गोळी आत अडकलेली असू शकते.

रानडुक्कर मारायला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ११ खाली वनखात्याची परवानगी लागते, हे वेगळं सांगायला नको. अडचण अशी की परवानगी मिळालेल्या शेतकऱ्याला झिरो करायला कायदेशीर जागाच नसते. वावरात करावी तर पलीकडच्या धुऱ्यावर कोणी ना कोणी असतंच, आणि ही गोळी किलोमीटरच्याही पुढे जाते. विदर्भातल्या जिल्हा पोलिसांनी परवाना नूतनीकरणाच्या वेळी आपल्या फायरिंग रेंजवर परवानाधारकांना वर्षातून एक दिवस द्यावा. काडतुसं आणि निशाण्याचा खर्च शेतकरी करतील.

— एक परवानाधारक शेतकरी, जि. यवतमाळ