वाड्यातली भांडी मोडीत घालण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याच्या पेठांमधले वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत आणि दिवाळीच्या तोंडावर राहिलेले माळेही रिकामे होत आहेत. समया, अडकित्ते, पानदाने, दौती तांब्यापितळेच्या भावाने वजनावर मोडीत निघतात. ज्यांच्या घरी ही आवराआवर चालू आहे त्यांच्यासाठी हे पत्र.

बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे नाव पुष्कळांना एखाद्या संस्थानिकाचे वाटते. ते एका लहान मुलाचे पूर्ण नाव आहे. राजा हा मुलगा, दिनकर हे त्याचे वडील. मुलगा सातव्या वर्षी गेला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांचा धंदा चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९६० पर्यंत संग्रह पंधरा हजारांवर गेला. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. पाय घासायची वज्री, फणी, करंडा, दिवे अशा बायकांच्या रोजच्या हाताळणीतल्या वस्तूंना त्या दालनांत जो मान आहे, तो पाहता कमलाबाईंचे नाव फारच कमी वेळा घेतले जाते, असे आम्हाला वाटते. १९७५ मध्ये हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द झाला. तो वाटण्या होऊन विखुरला असता, तर आज तो एकत्र पाहायला मिळाला नसता.

हे दोघे ज्या वस्तू शोधत होते त्या अजून आपल्या घरांत आहेत. त्यांचे सर्वांत मोठे नुकसान आपण घासूनपुसून करतो.

पितळी अडकित्ता घ्या. दोन दांड्या, मधला खिळा, वरच्या दांडीला लोखंडी पाते. पितळ आणि लोखंड एकमेकांना लागून असले की ओलीत आधी लोखंड गंजते. असा अडकित्ता चिंचेच्या पाण्यात रात्रभर ठेवला, तर आंबट पाणी खिळ्याच्या फटीत शिरून तिथेच राहते. पावसाळ्यात फट गंजाने फुगते आणि अडकित्ता उघडेनासा होतो. जोर लावला की दांडी खिळ्यापाशी तडकते. शिवाय आंबटाने पितळेतले जस्त निघून जाते आणि तांब्याचे गुलाबी डाग उरतात. ते सहजी जात नाहीत. म्हणून मऊ ब्रशने धूळ काढा, कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि थांबा. खोबरेल तेलही लावू नका. ते पुढे चिकट होते आणि धूळ धरते.

भांड्यावर घातलेले नाव हा त्या भांड्याचा जन्मदाखला. बुडाशी किंवा काठाच्या आत टिंबाटिंबांनी नाव, गाव, कधी तिथी आणि शक कोरलेला असतो. जुन्या भांड्यांवर मोडी अक्षरेही सापडतात. दरवर्षी राखेने घासून ही टिंबे उथळ होत जातात. ती वाचायची तर खोलीत अंधार करून विजेरी अगदी आडवी धरावी. सावलीमुळे अक्षर उठते; त्याच उजेडात फोटो घ्यावा.

कोकणातल्या घरांत आणखी एक दुखणे दिसते. तांब्याकाशावर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी येते, पुसली तरी पुन्हा येते. खाऱ्या हवेतल्या किंवा घामातल्या क्लोराइडने धातू आतून खाल्ला जात असतो. अशी वस्तू ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून जाणकाराला दाखवावी. गडद, टणक थर मात्र निरुपद्रवी असतो. तो खरवडू नये.

लाकडी वस्तूला टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली, तर खाली काळा कागद पसरून पंधरा दिवस पाहा. पिठासारखी ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. ती वस्तू लगेच वेगळी काढा. वरून व्हार्निश मारू नका, कीड आतच राहते. गुंडाळायला प्लॅस्टिक नको, त्यात ओल कोंडते. वर्तमानपत्रही नको, क्षमा असावी, त्याची शाई आणि आम्ल दोन्ही उतरतात. खळ जाईपर्यंत धुतलेले मांजरपाट सगळ्यांत चांगले.

आता नोंद. वस्तू जागेवरून हलवण्याआधी तिथेच फोटो घ्या, पट्टी शेजारी ठेवून. सुती नाडीला जाड कागदाची चिठ्ठी बांधा आणि क्रमांक पेन्सिलने लिहा. बॉलपेन फिके पडते, चिकटपट्टीचा गोंद पृष्ठभाग खराब करतो. त्याच क्रमांकाने वहीत उंची, वजन, घरात तिला काय म्हणत, कुणाची, कोणत्या गावाहून आली आणि ही माहिती कुणी सांगितली ते लिहा. सांगणारी आजी आज आहे, तेव्हा हे काम भांडी पुसण्याआधी करायचे.

संग्रहालयाला देताना ‘कायम मांडून ठेवा’ अशी अट घालू नये. केळकर संग्रहालयाकडे वीस हजारांवर वस्तू आहेत आणि मांडलेल्या सुमारे अडीच हजार. अशा अटीपायी चांगल्या देणग्या फिसकटतात. जंगम वस्तूचे दान ताबा दिल्यानेही पूर्ण होते, तरी लेखी दानपत्र करावे आणि त्यावर सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात. शंभर वर्षांपूर्वीची मूर्ती किंवा चित्र असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदणी आहे का ते आधी पाहावे. अशी वस्तू परदेशातल्या मुलांकडे पाठवता येत नाही. यादीच्या दोन प्रती कराव्यात. आपल्या प्रतीवर प्रत्येक वस्तूसमोर संग्रहालयाचा नोंदक्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे नातवंडे विचारायला गेली तर पणजीची समई तिथे सापडेल.

आपले नम्र,
वस्तुजतनाचे काम करणारे दोन वाचक, पुणे