आचारसंहितेच्या तक्रारीचा निकाल मतदानाआधी लागू द्या

प्रति,
मा. राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातला मतदार. आमच्या जिल्हा परिषदेवर 2022 मध्ये प्रशासक बसला, तेव्हापासून गावाचे गाऱ्हाणे मांडायला हक्काचा सदस्य उरला नाही. त्यामुळे निवडणूक लागणार म्हटल्यावर गावात हुरूप यायला हवा होता. पण पारावर ऐकू येते ते वेगळेच: "मत टाकू, पण ती भाषणं नकोत." मतदानाला कंटाळलेली ही माणसे नाहीत. 2024 च्या विधानसभेला राज्यात 2019 पेक्षा जास्त मतदान झाले. लोक रांगेत उभे राहतात, मत देतात. त्यांना वीट आला आहे तो प्रचारातल्या चिखलफेकीचा.

मध्यंतरी एका सभेला गेलो होतो. वक्ते बाहेरून आलेले. गद्दार कोण, खोके कुणी घेतले, कुणाचे कुणाशी साटेलोटे, यावरच गाडी फिरत राहिली. मग विरोधकाच्या घरातल्या बायकांवर घसरले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने चिठ्ठी पाठवली. आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर थांबत नाहीत, बाळंतपणाला लातूर गाठावे लागते, एवढेच तिला विचारायचे होते. चिठ्ठी हातोहात स्टेजवर पोचली. वक्त्यांनी ती वाचली, घडी घातली, खिशात टाकली आणि पुन्हा गद्दारांवर आले.

आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, शाळाखोल्या जिल्हा परिषदेच्या, गावची पाणीयोजनाही तिच्याकडेच. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच जिल्ह्यात पाण्यावर एक वाक्य न बोलता सभा पार पडते आणि टाळ्याही मिळतात, याचे मला फार वाईट वाटते. दुसऱ्या बाजूच्या सभेतही हेच. कोणताही पक्ष याला अपवाद नाही.

आमच्या शेजारच्या लातूर ग्रामीण मतदारसंघात 2019 च्या विधानसभेला 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर होता, सत्तावीस हजारांहून जास्त मते घेऊन. ती सगळी मते प्रचाराच्या विटाने पडली असे मी म्हणणार नाही. जागावाटपाची नाराजी त्यात मोठी होती. पण माणूस केंद्रापर्यंत चालत जाऊन 'यांपैकी कुणीही नको' हे बटण दाबतो, तेव्हा ते ऐकायला हवे. आपल्या आयोगाने ते ऐकलेही आहे. नगरपालिका-महापालिकांत 'नोटा'ला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक, हा आदेश आयोगाने 2018 मध्ये काढला. असे धाडस तेव्हा देशात फार थोड्यांनी दाखवले होते.

आता प्रचाराबाबतही तेच धाडस हवे आहे. टीका धोरणांवर, कार्यक्रमांवर आणि झालेल्या कामावर करावी, खासगी आयुष्यावर करू नये, हे आचारसंहितेत स्पष्ट आहे. नवा नियम कुणी मागत नाही. अडचण आहे ती वेळेची. तक्रार होते, नोटीस निघते, खुलासा मागवला जातो आणि तोवर गुलाल उधळून झालेला असतो. दरम्यान ती क्लिप गावातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरून जाते. ज्याच्यावर चिखल उडाला, त्याच्या पोरांना शाळेत टोमणे ऐकावे लागतात. नंतर आलेल्या निकालाने ते पुसले जात नाही.

अधिकार नाहीत, असे म्हणता येणार नाही. 2019 च्या लोकसभेला केंद्रीय आयोगाने ऐन प्रचारात योगी आदित्यनाथ, मायावती, आझम खान आणि मनेका गांधी यांना 48 ते 72 तास प्रचारबंदी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यानंतर का होईना, केली. आणि स्थानिक निवडणुकांत राज्य आयोगाचे अधिकार केंद्रीय आयोगाइतकेच आहेत, हे त्याच न्यायालयाने 2006 मध्ये किशनसिंग तोमर प्रकरणात सांगून ठेवले आहे.

म्हणून विनंती अशी. वैयक्तिक चारित्र्यावरच्या टीकेची तक्रार आली की तालुका पातळीवर दोन दिवसांत तिचा निकाल लागावा. तक्रार कुणाविरुद्ध, काय ठरले, हे तहसील कार्यालयाच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. दोषी ठरलेल्या वक्त्याला जिल्हा परिषदेच्या त्या गटात, म्हणजे मतदारसंघात, पुन्हा माइक मिळू नये, मग तो कितीही मोठा नेता असो. तक्रार खोटी निघाली तर तेही त्याच फलकावर लिहावे, नाहीतर तक्रारींचाच नवा प्रचार सुरू होईल.

आणखी एक. प्रत्येक गटात सगळ्या उमेदवारांना एकाच मंचावर बसवून लोकांचे प्रश्न घेणारी एक तरी सभा प्रशासनाने भरवावी. जिल्हा परिषदेच्या शाळेचे पटांगण पुरेल. प्रश्न चिठ्ठीवर घ्यावेत आणि चिठ्ठी मंडळ अधिकाऱ्यांनी मोठ्याने वाचून दाखवावी, म्हणजे ती कुणाच्या खिशात जाणार नाही.

आदेश काढायला आपल्याला विधिमंडळाची वाट पाहावी लागणार नाही. या निवडणुकीचा प्रचार संपण्याआधी तो निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
लातूर जिल्ह्यातील एक मतदार