वैशाखात मी का येऊ शकणार नाही

अ‍ॅन आर्बर, मिशिगन
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझे लग्न आणि ग्रीन कार्डाचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज यांवरून गेल्या रविवारी फोनवर बाबांनी एकच प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न पाहता फोन आईच्या हातात दिला. "कागदासाठी लग्न केलंस, की लग्नासाठी कागद करते आहेस?" आई त्यानंतर दादाच्या हळदीबद्दल बोलत राहिली आणि मीही हो-हो करत राहिले, पण तो प्रश्न आठवडाभर मनातून हलला नाही. फोनवर माझे बोलणे अर्धवट राहते आणि मग रडू येते, म्हणून पत्र लिहिते आहे. बाबांनी ते सावकाश वाचावे आणि आईला वाचून दाखवावे. वकीलबाईंनी मला जे समजावून सांगितले आणि मला स्वतःला जे उमगले, ते दोन्ही यात आहे.

आधी ज्या गोष्टीने आईला सर्वांत जास्त वाईट वाटले आहे, ती सांगते. वैशाखात दादाच्या लग्नाला मी येऊ शकेन असे मला वाटत नाही. करवलीशिवाय लग्न कसे, हे तुझे म्हणणे खरे आहे, आई, आणि मावशीचा सल्लाही मी ऐकला की "एकदा येऊन लग्न उरकून जा, अर्ज मागाहून कर." वरवर पाहता तो अगदी शहाणपणाचा आहे. तो का चालत नाही, हे समजण्यासाठी माझा व्हिसा मुळात कोणत्या जातीचा आहे ते पाहावे लागेल.

मी २०२१च्या ऑगस्टमध्ये इथे आले ती जे-१ व्हिसावर. हा देवाणघेवाणीचा व्हिसा आहे. अमेरिकेने १९६१मध्ये केलेल्या कायद्यानुसार परदेशी संशोधक, शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी इथे ठरावीक काळासाठी येतात, शिकतात, शिकवतात आणि आपापल्या देशी परत जातात, अशी त्यामागची कल्पना आहे. माझ्या गटातल्या संशोधकांना जास्तीत जास्त पाच वर्षे मिळतात, म्हणजे माझी मुदत २०२६च्या ऑगस्टपर्यंत. मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीत खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने मला विचारले होते की काम संपल्यावर काय करणार, आणि मी परत येणार असे सांगितले होते. बाबा बाहेर रस्त्यावर माझी पिशवी धरून उभे होते. तेव्हा मी खोटे बोलले नव्हते.

नोकरीच्या एच-१बी व्हिसावरचा माणूस तात्पुरता राहत असतानाच कायमचे राहण्याचीही इच्छा धरू शकतो, कायदा त्याला ती मुभा देतो. जे-१ला ती नाही. एकदा मी ग्रीन कार्डाचा अर्ज दाखल केला, की 'अ‍ॅडव्हान्स परोल' नावाचे प्रवासाचे परवानापत्र हाती येण्यापूर्वी देशाबाहेर पाऊल टाकणे म्हणजे अर्ज सोडून देणे, असा अर्थ लावला जातो. आणि अर्ज न करता आधी घरी येऊन गेले तर? तर परत येताना विमानतळावर पुन्हा मी 'तात्पुरती' आले आहे असे म्हणावे लागेल, आणि बॅगेत मात्र विवाहाचा दाखला असेल. आल्यानंतर नव्वद दिवसांच्या आत असा माणूस कायम राहण्याच्या खटपटीला लागला, तर प्रवेशाच्या वेळी त्याने खोटे सांगितले असे परराष्ट्र खाते गृहीत धरू शकते. मावशीच्या सल्ल्यात खोटे बोलणे आहे, हे मावशीला माहीत नाही. आता तुम्हाला माहीत झाले.

माझा शेवटचा प्रवेश डिसेंबर २०२३मधला आहे. इथे बाबांचा दुसरा प्रश्न येतो, जो त्यांनी विचारला नाही पण आईकडून माझ्यापर्यंत पोहोचला: त्याच वर्षी दिवाळीनंतर आज जो माझा नवरा आहे तो कराडला आला, आपल्या ओट्यावर बसून पिठलं-भाकरी खाऊन गेला, तेव्हा काहीच ठरले नव्हते का? नव्हते. वकीलबाईंनीही हेच विचारले, आणि त्यांना दिले तेच उत्तर तुम्हाला देते. आवडत होता, पण त्याने लग्नाचे विचारले ते जून २०२४मध्ये, ह्युरॉन नदीच्या काठी, आणि मी विचार करायला तीन आठवडे घेतले. त्या तीन आठवड्यांत मी लग्नाचा विचार कमी आणि तुम्हा दोघांचा जास्त केला. माझा हेतू बदलला, बाबा. हेतू लपवणे वेगळे, हेतू बदलणे वेगळे, आणि तो बदलला त्या दिवसापासून मी तो कुणापासून लपवलेला नाही. सर्वांत आधी तुम्हालाच सांगितला.

त्यानंतरची धावपळ तुम्ही स्वतः केलीत, तरी ती कशासाठी होती हे आईला कधी नीट कळले नाही. माझ्या व्हिसावर 'दोन वर्षांचा नियम लागू' असा शेरा होता. कायद्याच्या कलम २१२ (ई)नुसार, ज्यांच्यावर हा शेरा असतो त्यांना एकूण दोन वर्षे मायदेशी राहिल्याशिवाय ग्रीन कार्डही मिळत नाही आणि एच किंवा एल वर्गाचा व्हिसाही नाही. अमेरिकन नागरिकाशी लग्न केल्याने तो सुटत नाही. लोकांना वाटते, लग्न झाले की सगळे मोकळे. तसे नाही. सूट मागण्याचा एक रस्ता म्हणजे आपल्या सरकारने 'हिच्या न परतण्याला आमची हरकत नाही' असे कळवणे. त्यासाठी 'नोरी' नावाची प्रमाणपत्रे लागतात: एक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे, एक राज्य सरकारचे आणि एक पासपोर्ट कार्यालयाचे. ती जमा झाल्यावर इथला आपला दूतावास अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला पत्र देतो. या कागदांसाठी बाबा गुडघा दुखत असताना एकदा पुण्याला आणि दोनदा मंत्रालयात गेले. मुलीच्या न परतण्याला हरकत नाही, असे सरकारने म्हणावे म्हणून बापाने अर्ज घेऊन रांगेत उभे राहायचे, हे किती कठीण असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही. आता करते.

आणि मग ते सगळे अनावश्यकच ठरले. माझ्यावर तो नियम लागू होता तो केवळ 'कौशल्यांच्या यादी'मुळे. कोणत्या देशाला कोणत्या विद्येची माणसे परत हवी आहेत, अशी ती देशवार यादी असते. ९ डिसेंबर २०२४ला अमेरिकेने नवी यादी लागू केली आणि तीत भारताचे नाव नाही. जे आधी आले आणि केवळ त्या यादीपायी अडकले होते, तेही त्यातून मोकळे झाले. सरकारी पैशाच्या शिष्यवृत्तीवर आलेल्यांना किंवा डॉक्टरकीच्या उच्च प्रशिक्षणासाठी आलेल्यांना मात्र ही मोकळीक नाही, त्यांची बंधने वेगळ्या कारणांनी येतात. माझा पगार विद्यापीठाचा आहे, आणि माझ्या डीएस-२०१९ या कागदावर सरकारी निधीचा रकाना दोन्ही देशांपुरता रिकामा आहे. म्हणून १७ जानेवारीला आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केले. मिशिगनमध्ये परवान्यासाठी अर्ज केल्यावर तीन दिवस थांबावे लागते आणि दोन साक्षीदार लागतात. तुम्ही तिसरे आणि चौथे होतात, फोनच्या पडद्यावर, कराडच्या रात्री.

बाबा, तुम्ही पस्तीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले, त्यामुळे कायद्याने मोकळी झाले म्हणून मनाने मोकळी झाले असे मी तुम्हाला सांगणार नाही. नियमाचा हेतू शिकून परत येण्याचा होता आणि मी परत येत नाही, हे खरेच आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा एक तेलुगू सहकारी अकरा वर्षे ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे, कारण नोकरीच्या वाटेने जाणाऱ्यांवर देशवार सात टक्क्यांची मर्यादा आहे आणि भारतातून अर्ज करणारे फार आहेत. नागरिकाच्या पतीला किंवा पत्नीला ती रांग नाही. मी त्याच्या पुढे जाते आहे, आणि तो माझे अभिनंदन करतो तेव्हा मला खाली पाहावेसे वाटते. पण यावर उपाय म्हणून ज्याच्याशी लग्न करावेसे वाटले त्याच्याशी ते न करणे, हे मला पटले नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला इतक्यातच मिळेल. याहून अधिक स्वच्छ शब्दांत ते मला देता येत नाही.

आता पुढे काय. या महिन्याच्या अखेरीस अर्ज जाईल. नवऱ्याची याचिका वेगळी, माझा ग्रीन कार्डाचा 'आय-४८५' अर्ज वेगळा, पण दोन्ही एकत्र पाठवता येतात. माझ्या अर्जाचीच फी १,४४० डॉलर आहे, म्हणून आई, बांगड्यांचे पैसे पाठवू नकोस असे म्हणाले होते ते रागाने नव्हे, फीचे पैसे आम्ही दोघांनी बाजूला काढून ठेवले आहेत. डिसेंबरपासून वैद्यकीय तपासणीचा अहवालही अर्जासोबतच जोडावा लागतो. ही तपासणी करणाऱ्या डॉक्टरला इथे 'सिव्हिल सर्जन' म्हणतात. बाबांच्या डोळ्यांसमोर साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय येईल, पण इथे तो इमिग्रेशन खात्याने नेमलेला साधा खाजगी डॉक्टर असतो. त्यानंतर बोटांचे ठसे, आणि पुढे दोघांची एकत्र मुलाखत. लग्न खरे आहे का, हे तिथे पाहतात. घराचा भाडेकरार, बँकेचे सामाईक खाते, फोटो अशी फाईल आम्ही लावली आहे. प्रीतिसंगमावर बाबा त्याला कृष्णा कोणती आणि कोयना कोणती हे हात करून दाखवत आहेत, तो फोटो मी सर्वांत वर ठेवला आहे. वकीलबाई म्हणाल्या, सासऱ्याच्या चेहऱ्यावरचा तो भाव कुणाला ठरवून आणता यायचा नाही.

अर्ज मान्य होईल तेव्हा लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर मिळणारे कार्ड दोनच वर्षांचे आणि सशर्त असते. ती संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करून अट काढून घ्यायची असते. "म्हणजे तू त्याच्या मुठीत," असे काका म्हणाले. काकांना सांगा की त्यानेही एका कागदावर सही करायची आहे: मला सरकारच्या दारात जावे लागणार नाही इतपत आधार देण्याची हमी. ती मी नागरिक होईपर्यंत, किंवा माझ्या नावावर साधारण दहा वर्षांचे काम जमा होईपर्यंत चालते, आणि घटस्फोट झाला तरी संपत नाही. त्याने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला की आपल्या चर्चमधल्या शपथेपेक्षा हीच जास्त कडक आहे.

ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. माझा पासपोर्ट भारताचाच राहील. तीन वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येईल, पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि तो निर्णय मी आज घेतलेला नाही, घेतला आहे असे भासवणारही नाही. शेताविषयी काकांना जी शंका आहे तिचे उत्तर असे की परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली मात्र ठेवता येते. हा विषय मी काढलेला नाही, हेही त्यांना सांगा.

त्या प्रवासाच्या परवानापत्राचा अर्ज मी सोबतच करते आहे. ते एप्रिलअखेर हाती आले तर दुसऱ्या दिवशी विमानात बसेन. पण त्यावर विसंबून आईने माझी पैठणी काढून ठेवू नये. करवलीचा मान आत्याच्या धाकटीला द्या, तिला हौसही आहे.

माझ्या जन्मदाखल्याचे तेवढे करायचे आहे. कराड नगरपरिषदेच्या १९९३च्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा आहे, नुसते 'स्त्री' लिहिलेले आहे. म्हणून तुम्ही दोघांनी वेगवेगळी प्रतिज्ञापत्रे करायची: माझे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, तुमचे माझ्याशी नाते, आणि हे सारे तुम्हाला स्वतःच्या माहितीने ठाऊक आहे असे वाक्य. मजकूर इंग्रजीत करून पाठवते, तुम्ही नोटरीसमोर सही करा. शाळा सोडल्याचा दाखलाही लागेल. आईने माझे लहानपणीचे लसींचे पिवळे कार्ड देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवले होते, तेही सापडले तर पाहा. फोटो काढून दादाकडून मोबाइलवर पाठवा, मूळ प्रती कुरिअरने.

आणि बाबा, कृपा करून यातल्या एकाही कागदाला लॅमिनेशन करू नका.

तुमची लेक