मुक्त प्रणालीची पहिली प्रत कुठून घ्यावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १०चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ न चालणारे अनेक धडधाकट संगणक घराघरांत पडून राहिले. माझा लॅपटॉपही त्यांतलाच. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली टाकून घेण्यासाठी शहरातील एका दुकानात गेलो, तेव्हा सातशे रुपये ‘लायसन्सचे’ म्हणून सांगण्यात आले. मजुरी मागितली असती तर तक्रार नव्हती. परंतु जी प्रणाली कोणीही फुकट उतरवून घ्यावी, तिच्या प्रती काढून शेजाऱ्यालाही द्याव्यात, अशी मुभा तिच्या परवान्यातच आहे, तिच्या परवान्याचे पैसे कसले?

अखेर हे काम घरीच केले. नवख्याने लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी लिनक्स मिंट किंवा उबुंटू घ्यावे आणि तेही त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. मिंटची फाइल साधारण तीन जीबीची, उबुंटूची जवळपास दुप्पट आहे. ती रूफससारख्या मोफत साधनाने पेनड्राइव्हवर चढवावी लागते. नुसती कॉपी करून चालत नाही, यात माझी एक संध्याकाळ गेली. पेनड्राइव्हवरील आधीचा मजकूर यात पुसला जातो. मग संगणक सुरू होतानाच एफ१२ (काही कंपन्यांच्या यंत्रांत एफ९ किंवा एस्केप) दाबून पेनड्राइव्ह निवडला की हार्डडिस्कला हात न लावता प्रणाली चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टंकन हे सारे तिथेच तपासावे आणि स्वतःच्या फायली दुसरीकडे उतरवून ठेवल्यावरच ती कायमची बसवावी.

उतरवलेल्या फाइलची पडताळणी मात्र बहुतेक जण टाळतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी होऊन काही काळ तिथला दुवा छुपे दार (घुसखोराला संगणकात शिरण्याची गुप्त वाट) ठेवलेल्या बनावट फाइलकडे वळवण्यात आला होता. संकेतस्थळावर दिलेली ६४ अक्षरांची खूण (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ‘एसएचए-२५६’ चेकसम) आपल्या फाइलवरून काढलेल्या खुणेशी जुळवायला दोन मिनिटे पुरतात. शक्य असल्यास त्या खुणेवरील डिजिटल स्वाक्षरीही तपासावी, कारण घुसखोर फाइलबरोबर खूणही बदलू शकतो.

ज्यांच्याकडे मोबाइलच्या डेटापलीकडे इंटरनेट नाही, त्यांना तीन जीबी जड जातात. उबुंटूची सीडी २०११पर्यंत मागणी करताच टपालाने विनामूल्य घरपोच येत असे. ती सोय आता उरलेली नाही. तिची जागा गावातल्या गावात भरून काढणे अवघड नाही. १८४० साली स्थापन झालेले आपले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय आणि महाविद्यालयांचे संगणक कक्ष यांनी पडताळलेल्या दोन-तीन प्रणालींच्या फायली एका संगणकावर ठेवाव्यात आणि वाचकाला आपला पेनड्राइव्ह लावून त्या नेऊ द्याव्यात. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, खर्चही नगण्य आहे. नव्या आवृत्त्या आल्या की फायली बदलणारा एक जबाबदार माणूस तेवढा हवा. वाचनालयाने मान्य केल्यास दर महिन्याला एक रविवार मी त्यासाठी देईन.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक