शाईच्या त्या एका थेंबासाठी

काका, सा. न. वि. वि.

परवा रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, "अभिक्रियेत समतोल साधल्यावर काय थांबतं?" मी म्हटलं, "काहीच नाही." बाहेर आले आणि तुम्ही आठवलात. लिहितानाही गळा दाटून येतोय.

हाच प्रश्न मी आधी क्लासमधल्या सरांना विचारला होता. रंग बदलायचा थांबला म्हणजे अभिक्रिया संपली का? "तसंच समज आणि पुढे चल." दुसऱ्या सरांनी दुहेरी बाणाची, म्हणजे अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते हे दाखवणारी, खूण पाठ करायला सांगितली. तिसरे तर वर्गासमोर हसले. ते अजून बोचतं.

तुम्ही प्रॅक्टिकलनंतर बीकर विसळत होतात. माझा चेहरा बघून दोन बीकर पुढ्यात ठेवलेत. तुमचा भरलेला, माझा रिकामा. तुमच्या हातात बारीक काचनळी, माझ्या हातात जाड. नळी तळापर्यंत बुडवायची, वरून अंगठा दाबायचा, पाणी समोरच्या बीकरमध्ये सोडायचं. आधी माझ्या नळीत काही येईचना. मग येत गेलं, आणि थोड्या वेळाने दोन्ही पातळ्या जिथल्या तिथे राहिल्या. सारख्या नव्हत्याच, तुमच्याकडे पाणी जास्त होतं. समतोल म्हणजे निम्मं-निम्मं, ही माझी समजूत तिथेच गेली.

मी हात थांबवला. "थांबू नको, बाळ," म्हणालात, आणि खिशातल्या पेनातून निळ्या शाईचा एक थेंब तुमच्या बीकरमध्ये सोडलात. पातळी हलली नाही, पण चार-पाच फेऱ्यांत माझं पाणी निळसर झालं!

पुढे वाचलं की, लेड आयोडाइडच्या संपृक्त, म्हणजे आणखी विरघळवता येणार नाही अशा, द्रावणात किरणोत्सारी आयोडीन असलेलं घन लेड आयोडाइड टाकलं, तर विरघळलेलं प्रमाण तेवढंच राहतं, तरी किरणोत्सार द्रावणात उतरतो. कण विरघळतायत, तेवढेच परत घन होतायत. मला तर तो तुमचाच थेंब दिसला.

शिकवणं तुमच्या कामात नव्हतं. घरी जायची वेळ टळून गेली होती. समोरच्याला कळेपर्यंत त्याच्याजवळ उभी राहणारी माणसं आहेत, म्हणून माझ्यासारख्यांचं शिक्षण सुटत नाही.

पेनाला टोपण लावताना तुमच्या बोटांना शाई लागली होती. तेव्हाच आभार मानायला हवे होते, पण मी त्या निळ्या पाण्याकडेच बघत राहिले.

तुमची,
शेवटच्या टेबलावरची मुलगी